टूर्निकेट, पायमोजे आणि ओले रुमाल

श्रोतेहो, नमस्कार.

युक्रेनच्या आघाडीवर लढणाऱ्या सैनिकाच्या कमरपट्ट्याला एक लहानशी पिशवी अडकवलेली असते. सैनिकाला एका हाताने पटकन उघडता यावी, अशी तिची शिवण असते. आत असतं टूर्निकेट, म्हणजे हाता-पायाला करकचून आवळायचा पट्टा. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. तेवढ्या वेळात डॉक्टर पोचणं अशक्यच, म्हणून पट्टा सैनिकानेच बांधायचा असतो, जमलं तर एका हाताने. त्याशिवाय रक्त गोठवणारं औषध लावलेली, जखमेत बोटांनी दाबून भरायची पट्टी असते. छातीत आरपार भोक पडलं तर त्यावर चिकटवायचं सील, दाबपट्टी, हातमोजे, कात्री आणि एक मार्कर पेनही असतं. टूर्निकेट किती वाजता आवळलं ते त्या पेनने लिहून ठेवायचं असतं. आणि नियम असा की सोबती मदतीला धावला तरी तो स्वतःची नाही, जखमीचीच पिशवी वापरतो. त्यामुळे प्रत्येकाची पिशवी पूर्ण असावी लागते.

आता या पिशव्या भरतं कोण, ते सांगते.

२०१४ मध्ये पूर्व युक्रेनच्या डोनबास भागात लढाई पेटली, तेव्हा अनेक सैनिकांकडे सोव्हिएत काळातल्या रबरी पट्टीपलीकडे फारसं काही नव्हतं. ती उणीव सामान्य लोकांनी भरून काढली. कीव्हमध्ये ‘कम बॅक अलाइव्ह’ ही संस्था उभी राहिली. नावाचा अर्थच ‘जिवंत परत ये’. याना झिंकेविच या तरुणीने त्याच वर्षी ‘हॉस्पिटलर्स’ नावाची स्वयंसेवी वैद्यकीय तुकडी सुरू केली. तेव्हा तिने नुकतीच शाळा संपवली होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. पुढच्याच वर्षी अपघातात तिच्या मणक्याला इजा झाली आणि ती चाकाच्या खुर्चीवर आली. तुकडीचं नेतृत्व मात्र तिने सोडलं नाही. २०१९ मध्ये ती संसदेवर निवडून गेली.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने संपूर्ण युक्रेनवर चढाई केली. त्यानंतर मागणी एकदम कितीतरी पटींनी वाढली, आणि बाजारात नकली टूर्निकेट आली. दिसायला हुबेहूब, पण आवळताना पट्टा पिळून घट्ट करायची दांडी वाकते नाहीतर शिवण उसवते. रक्त वाहत असताना दांडी मोडली तर काय होईल, याची कल्पना करा! म्हणून स्वयंसेवक माल तपासायला शिकले. दांडी पिळून बघणं, शिवणी ताणून बघणं, खात्रीच्या उत्पादकाकडूनच घेणं. मला या लोकांबद्दल सर्वांत जास्त आदर इथे वाटतो. मनात कळवळा तर होताच, पण कळवळ्यावर न थांबता ते जाणकार झाले.

आता ड्रोनमुळे जखमींना मागे आणायला तासन् तास लागतात. टूर्निकेट दोन तासांहून जास्त राहिलं तर हात किंवा पाय गमावण्याचा धोका वाढत जातो. म्हणून पट्टा नुसता देऊन भागत नाही. तो नीट कसा बांधायचा, आणि जखमेची स्थिती पाहून तो काढून दाबपट्टीवर कधी जाता येईल, हेही शिकवावं लागतं.

या सगळ्यात पायमोजे आणि ओले रुमाल किरकोळ वाटतील. मला ते किरकोळ वाटत नाहीत. चिखलाच्या खंदकात दिवसेंदिवस ओल्या बुटात पाय राहिला की तो बधिर होतो, सुजतो, सडूही लागतो. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक याच दुखण्याने निकामी झाले. तिथे नळ नाही, न्हाणीघर नाही. मग स्वयंसेवक ‘कोरडी आंघोळ’ नावाची पाकिटं भरतात. साबण लावलेलं फडकं, एक टॉवेल, आणि बाटलीभर पाण्यात सगळं अंग पुसून होतं.

स्त्री सैनिकांची अडचण त्याहून वेगळी. २०२३ मध्ये युक्रेनच्या सैन्यात ४० हजारांहून जास्त स्त्रिया होत्या, पण स्त्रियांसाठीचा खास गणवेश अधिकृतपणे मंजूर झाला तोही त्याच वर्षी. तोवर पुरुषांच्या मापाचे कपडे आणि पायात न बसणारे बूट यांवर निभवावं लागे. ‘झेम्ल्याच्की’ ही संस्था २०२२ पासून त्यांच्या मापाचे गणवेश, बूट, मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू पोचवते आहे. पाळी आहे म्हणून पहाऱ्याची वेळ पुढे ढकलता येत नाही. मागणीच्या यादीत हे लिहायला संकोच वाटू नये, असं वातावरण तयार करणं हेही मोठंच काम.

या कामाला शेवट नसतो, त्याचं कारण अगदी साधं आहे. जखमेवर वापरलेलं टूर्निकेट पुन्हा भरवशाचं राहत नाही. रक्त गोठवणारी पट्टी एकदाच वापरायची, शिवाय तिलाही मुदत असते. एक पिशवी वापरली गेली की तिच्या जागी दुसरी लागते, आणि देणग्या मात्र युद्ध लांबेल तशा आटत जातात. म्हणून हे स्वयंसेवक आजही आधी तुकडीला विचारतात, ‘सध्या काय संपलं आहे?’ आणि मग तेवढंच विकत घेतात.

नमस्कार.