हादग्याच्या फेरातली सरगम

(शाळेचं पटांगण. मधोमध पाट, पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर.)

हस्त नक्षत्र लागलं की कोल्हापुरात हादगा बसतो. पुण्याकडं ह्यालाच भोंडला म्हणतात, पण इथल्या एखाद्या आजीसमोर तो शब्द काढून बघा!

हादग्याची जुनी रीत अशी: पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. 16व्या दिवसापर्यंत 'ऐलमा पैलमा' 16 वेळा म्हणून झालेलं असतं आणि सगळी गाणी मिळून मोजली तर 136 वेळा गायन होतं. पाठ करा असं कुणीच सांगितलेलं नसतं. पोरींचं लक्ष सगळं खिरापतीच्या डब्याकडं. कुण्या तज्ज्ञ समितीला इतका बेतशीर अभ्यासक्रम जमला असता का, मला शंका आहे.

(वर्ग. कपाटात बंद पेटी.)

पेठेतल्या या शाळेत गाण्याचा तास आठवड्यातून एकदाच. आधी बाई पेटी उघडून बसायच्या. सारेग, रेगम, गमप. तिसरीतली पोरं तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघायला लागायची. एक दिवस बाईंनी पेटी कपाटात ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला काय येतंय ते म्हणा."

पोरांनी 'ये रे ये रे पावसा' म्हटलं. बाईंनी फळ्यावर आठ-आठ घरं आखली.

ये रे ये रे | पा व सा ऽ
तु ला दे तो | पै ऽ सा ऽ

आता एका बोटानं एकेक घर दाखवत म्हणायचं. 'पा'ला एक घर, 'पै'ला मात्र दोन. असं का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, पैशाला वढून धरायचं!" त्या ऽ चिन्हाला पोरं 'शेपटी' म्हणतात. ती शेपटी बाईंनी शोधलेली नाही. विष्णु नारायण भातखंड्यांच्या स्वरलिपीत अक्षर लांबवायला हेच चिन्ह आहे. आठ घरं म्हणजे केरवा तालाच्या आठ मात्रा, हेही त्यांना कळेल. पण ते नाव सांगायची बाईंना घाई नाही.

(कृष्णधवल छायाचित्रं: हंगेरीतली खेडी, मेणाच्या नळ्यांचं ध्वनिमुद्रण यंत्र.)

हाच विचार शंभर वर्षांपूर्वी फार लांब, हंगेरीत, झोल्तान कोदाई या संगीतकारानं केला. 1882 साली जन्मलेला हा माणूस 1905 पासून खेडोपाडी हिंडून लोकगीतं गोळा करत होता. पुढं बेला बार्तोक हा दुसरा हंगेरियन संगीतकारही त्याच्या जोडीला आला. कोदाईचं म्हणणं असं की मूल आधी आईची बोली बोलतं आणि मग अक्षरं गिरवतं, तसंच गाण्याचं व्हावं. आधी आपल्या मातीतली गाणी गळ्यात बसू देत, त्यांच्यातल्या सुरांना नावं मागून देऊ. 1950 साली त्याच्या जन्मगावी, केचकेमेटला, रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. या पद्धतीत सुरांसाठी हाताच्या खुणा आहेत, त्या इंग्लंडच्या जॉन कर्वेनकडून आलेल्या. सुरुवात दोन सुरांवर: सो आणि मी. आपल्या भाषेत पंचम आणि गंधार, म्हणजे प आणि ग. मग वाढत वाढत पाच सूर, डो रे मी सो ला. म्हणजे सा रे ग प ध. भूप रागाचे सूर की हे!

या पद्धतीतला 'डो' एका पट्टीला बांधलेला नसतो, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. आपल्या 'सा'ला हे कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून बाई आधी पोरांना गाऊ देतात, त्यांचा सूर कुठं लागतोय ते ऐकतात आणि तिथं 'सा' धरतात. पेटीच्या पट्टीला पोरांचा गळा ताणायचा नाही.

(जिन्याच्या पायऱ्या. सहा-सात मुलं वेगवेगळ्या पायरीवर.)

पेटीचं काम जिना करतो. सूर चढला की एक पायरी वर, उतरला की खाली. गाणं ओळखीचं असल्यामुळं कुणी चुकीच्या पायरीवर गेलं की बाकीचेच ओरडतात. मग पायऱ्यांवर खडूनं सा, रे, ग लिहायचं. वहीत ते सगळ्यात शेवटी येतं.

कोल्हापूर गाण्याला परकं नाही. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. देवल क्लब ही गाण्याची संस्था 1883 पासूनची. त्यामुळं पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: "परीक्षेला कधी बसवणार?" प्रश्न रास्त आहे. बाई हसतात आणि म्हणतात, "बसतील की. आधी त्यांना त्यांचंच गाणं वाचू दे."

पण सगळंच घरात मावत नाही. धनगरी ओवी म्हणणारा एका दमात कुठल्या कुठं जातो, तिथं आठ-आठचा हिशेब तुटतो. जात्यावरच्या ओवीत दोन सुरांच्या मधली जी ओढ असते, तिला चिन्ह कुठलं द्यायचं? बाई अशा ठिकाणी खडू खाली ठेवतात आणि नुसतं ऐकायला लावतात. मला हे पटतं.

(वर्गातला शेवटचा प्रसंग.)

चौथीतल्या एका मुलाच्या घरी हलगी आहे. कुस्तीच्या मैदानात, जोतिबाच्या यात्रेत त्याचे वडील वाजवतात. एका तासाला तो ती घेऊन आला, उन्हात तापवून. त्यानं वाजवलं, बाईंनी ऐकत ऐकत फळ्यावर लिहिलं. मोठ्या टिपरीचा ठोका वर, बारीक काडीचा खाली.

तो फळ्यासमोर उभा राहिला. ओठांतल्या ओठांत वाचून बघितलं. पुन्हा वाचलं.

"बाई, चौथ्या घरात बारीक काडी दोनदा वाजतीया."

बाईंनी खडू त्याच्या हातात दिला.