पाणी पालटण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

उद्या पाऊस पडेल का, हे आपण रोज ऐकतो. उद्या तलावाच्या तळाशी प्राणवायू उरलेला असेल का, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. पण तलावाचं पाणी पिणाऱ्या गावाच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा रंग, वास आणि चव बरीचशी त्यावरच ठरते. आज मी अशा मंडळींविषयी बोलणार आहे, ज्यांनी हा प्रश्न मनावर घेतला आणि त्याचं उत्तर रोज आकड्यांत द्यायला सुरुवात केली.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोक परिसराला पिण्याचं पाणी देणारा फॉलिंग क्रीक नावाचा जलाशय आहे. तसा लहानच. सगळ्यात खोल जागीसुद्धा पाणी साडेनऊ मीटरच्या आत. पण उन्हाळ्यात या एवढ्याशा पाण्याचे दोन थर पडतात. वरचं पाणी तापून हलकं होतं, तळाचं गार आणि जड राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाच्या पाण्याला हवा लागतच नाही. तिथे साचलेला पालापाचोळा आणि मेलेलं शेवाळ कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. प्राणवायू संपला, की इतके दिवस गाळाला धरून बसलेलं लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पाण्यात सुटू लागतं.

मग पानगळीचे दिवस येतात. वरचं पाणी निवतं, दोन थरांतला फरक मिटत जातो, आणि एखाद्या वाऱ्याच्या दिवशी सगळा जलाशय तळापासून ढवळून निघतो. तळाचं पाणी वर येतं. याला टर्नओव्हर म्हणतात. आपण पाणी पालटणं म्हणू. जलशुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्या माणसासाठी हा दिवस फार महत्त्वाचा. पाणी कुठल्या खोलीवरून उचलायचं आणि शुद्धीकरणात काय बदल करायचा, हे त्याला आदल्या दिवशी कळून भागत नाही, चार दिवस आधी कळलं तर उपयोग.

इथे व्हर्जिनिया टेकमधल्या केयलन कॅरी आणि क्विन थॉमस यांच्या गटाचं काम सुरू होतं. कॅरी गोड्या पाण्याच्या परिसंस्थांचा अभ्यास करतात, थॉमस परिसंस्थांची गणिती मॉडेलं बांधतात. त्यांच्या जोडीला फ्लोरिडातले संगणकतज्ज्ञ आले, आणि स्थानिक पाणीपुरवठा खात्याची माणसंही. या शेवटच्या माणसांचं नाव मला मुद्दाम घ्यावंसं वाटतं, कारण अंदाज कशाचा करायचा हे त्यांच्या गरजेवरून ठरतं. त्यांच्याशी न बोलता कितीही सुंदर मॉडेल बांधलं, तरी ते कागदावरच राहिलं असतं. या सगळ्यांनी मिळून जी यंत्रणा उभी केली, तिचं नाव फ्लेअर.

ती चालते कशी? थर कधी पडतात आणि कधी मिटतात, हे तापमानावरून कळतं. म्हणून जलाशयात पृष्ठभागापासून तळापर्यंत, मीटर-मीटरवर तापमापक टांगलेले आहेत. दर दहा मिनिटांनी त्यांची नोंद होते. ही आकडेवारी आणि पुढच्या दिवसांचा हवामान अंदाज संगणकातल्या जलाशयाला, म्हणजे जलाशयाच्या गणिती मॉडेलला मिळतो. तो जलाशय एकदा नाही, अनेकदा चालवला जातो, दर वेळी थोड्या वेगळ्या हवामानात. त्यातून एक आकडा निघत नाही, आकड्यांचा पट्टा निघतो. पट्टा अरुंद असेल तर भरवसा जास्त, रुंद असेल तर कमी. नवीन मोजमाप आलं, की आधी वर्तवलेलं त्याच्याशी ताडून पाहायचं, मॉडेल दुरुस्त करायचं आणि पुन्हा पुढचं सांगायचं.

या कामातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट मात्र संगणकात घडत नाही. प्राणवायू मोजणारा संवेदक पाण्यात राहिला, की त्याच्यावर बुळबुळीत थर चढतो आणि त्याचे आकडे हळूहळू भरकटतात. पाण्यात काहीच बदललेलं नसतं, पण पडद्यावर बदल दिसतो. मग कुणीतरी जलाशयावर जायचं, तो बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा सोडायचा. पुसणाऱ्या त्या हातावर अख्खा अंदाज उभा असतो.

निकाल काय? 2020 साली त्यांनी 475 दिवसांच्या अंदाजांचा हिशेब प्रसिद्ध केला. पृष्ठभागाखाली एक मीटरवरच्या तापमानात सात दिवस आधीच्या अंदाजाची सरासरी चूक सुमारे 1.13 अंश सेल्सिअस होती, सोळा दिवस आधीच्या अंदाजाची 1.62 अंश. आणि पाणी पालटण्याची वेळ लागोपाठ दोन वर्षं 4 ते 14 दिवस आधी ओळखता आली. अंदाज किती चुकला, तो आकडा त्यांनी यशाच्या आकड्याशेजारीच छापला, याचं मला फार मोल वाटतं. केंद्रातल्या माणसाला निर्णय घेताना तोही आकडा लागतो.

हे सारं कशासाठी, असं वाटत असेल तर ऑगस्ट 2014 मधलं ओहायोतलं टोलेडो शहर आठवा. ईरी सरोवरात निळ्या-हिरव्या शेवाळाचा बहर आला, त्याचं विष शहराच्या पाण्यात उतरलं, आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने ते विष नाहीसं होत नाही. पाणी आटेल तसं उलट दाट होतं.

आता हा खटाटोप एका जलाशयापुरता राहिलेला नाही. अमेरिकेतल्या नीऑन या निरीक्षण जाळ्यातल्या तलावांसाठी आणि ओढ्यांसाठी अंदाजांचं एक खुलं आव्हान चालतं. तापमान, प्राणवायू आणि शेवाळाचं प्रमाण दाखवणारं हरितद्रव्य, यांचे अंदाज कुणीही पाठवावेत, विद्यार्थ्यांनीसुद्धा. अट एवढीच, की मोजमाप होण्याआधी अंदाज जमा व्हायला हवा. आणि त्याची तुलना एका अगदी साध्या अंदाजाशीही होते: गेल्या वर्षांत या तारखेला सरासरी जे होतं, तेच यंदाही असेल. कितीही किचकट मॉडेल असो, त्याला आधी या साध्या सरासरीला मागे टाकावं लागतं. अंदाज नोंदवला जातो, तारीख उजाडते, पाण्यातला संवेदक आपला आकडा पाठवतो, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात.

नमस्कार.