वेरिडिकेटर: खोटं बोललात की गोळा लाल

नमस्कार मंडळी!

एक कोर्ट डोळ्यांसमोर आणा. साक्षीदाराची खुर्ची. त्यात बसलं की डोक्यावर धातूचं चकचकीत शिरस्त्राण उतरतं, इलेक्ट्रोड लागतात. वर एक काचेसारखा गोळा, सगळ्यांना दिसेल असा. साक्षीदार खरं बोलतोय तोवर गोळा निळा. खरं दाबून खोटं पुढे केलं की लाल! निम्म्या वकिलांनी सनद परत करावी अशी परिस्थिती.

या यंत्राचं नाव वेरिडिकेटर. एच. बीम पायपर या अमेरिकन लेखकाच्या १९६२ च्या 'लिटल फझी' कादंबरीत ते आहे. विज्ञानकथांमध्ये खोटं पकडणारी यंत्रं पुष्कळ आहेत, पण मला हेच सगळ्यात आवडतं. कारण हे यंत्र कधी चुकत नाही, असं पायपर गृहीत धरतो, आणि मग त्याच्या खटल्यातला मुख्य प्रश्न या यंत्रानं सुटतच नाही.

आता कथा सांगतो. शेवट फुटणार आहे, पुस्तक साठ वर्षांहून जुनं आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.

झरथुष्ट्र नावाचा ग्रह. एका कंपनीकडे त्याची सनद आहे आणि अख्खा ग्रह तिच्या मालकीचा, पण एका अटीवर: तिथे मूळचे बुद्धिमान रहिवासी नसले पाहिजेत. रत्नं शोधत एकटा राहणाऱ्या जॅक हॉलोवेच्या घरात एक दिवस सोनेरी केसांचा, लहान मुलाएवढाही नसलेला प्राणी शिरतो. हाच फझी. मागून त्याचं कुटुंबही येतं. हे प्राणी असतील तर सनद शाबूत. माणसांसारखे विचार करणारे असतील तर सनद रद्द. पुढे कंपनीचा एक अधिकारी एका फझीला लाथांनी तुडवून मारतो, आणि त्या झटापटीत हॉलोवे कंपनीच्या एका माणसाला गोळी घालतो. दोघांवरही खुनाचा आरोप. म्हणजे खटला खुनाचा, पण ठरवायचं काय, तर फझी "कोणी" आहे की "काही" आहे.

आणि इथे वेरिडिकेटर अडतो! कंपनीचा मानसशास्त्रज्ञ मॅलिन त्या खुर्चीला इतका घाबरलेला असतो की बसायच्या आधीच त्याला घाम फुटतो. बसल्यावर मात्र तो खरं सांगून मोकळा होतो. इथपर्यंत यंत्राचं काम चोख. पण नीट विचार करा, गोळा नक्की काय दाखवतो? बोलणाऱ्याच्या मनात एक आणि तोंडात दुसरं आहे का, एवढंच. मनातलंच चुकीचं असेल तर? पृथ्वी सपाट आहे असं मनापासून मानणारा माणूस त्या खुर्चीत बसवा, गोळा छान निळा राहील. "फझी बुद्धिमान आहे का" या प्रश्नावर दोन तज्ज्ञ अगदी प्रामाणिकपणे उलटसुलट उत्तरं देऊ शकतात, आणि दोन्ही वेळा निळाच.

मग निकाल कशानं लागतो? श्रवणयंत्रानं! कोर्टात अंतराळ नौदलाचे लोक येऊन सांगतात की फझी बोलतात, फक्त आपल्या कानांच्या टप्प्यापलीकडच्या आवाजात. लोकांना आजवर ऐकू येत होतं ते नुसतं "यीक". त्या आवाजाला आपल्या पट्टीत आणणारं उपकरण लावल्यावर भाषा निघाली. खोटं पकडणारं महागडं यंत्र बाजूला, आणि खटला फिरवला तो ऐकण्याच्या साधनानं. लेखकानं मुद्दाम केलं असेल का? मला तरी तसंच वाटतं.

खऱ्या जगात तर खोटं पकडण्याचाही पत्ता नाही. पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं खरंखुरं यंत्र, श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. निरपराध पण घाबरट माणसालाही घाम येतोच. विल्यम मार्स्टननं रक्तदाबावर खोटं ओळखायची पद्धत काढली, वॉशिंग्टनच्या कोर्टानं १९२३ मध्ये ती पुरावा म्हणून नाकारली. हाच मार्स्टन पुढे वंडर वुमन या कॉमिकमधल्या नायिकेचा जनक झाला. तिच्या दोरखंडात अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. कोर्टात नाही जमलं, कॉमिकमध्ये जमवलं.

आणि शिरस्त्राणाच्या सगळ्यात जवळ कोण पोचलं असेल, तर आपलं पुणे! जून २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना मेंदूच्या एका चाचणीचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, आरोपीला वाक्यं ऐकवायची, आणि त्यानं गप्प बसायचं. मेंदूतल्या लहरींवरून म्हणे कळतं की त्यानं ते स्वतः अनुभवलंय की नाही. पायपरच्या यंत्राला निदान बोलणारा साक्षीदार तरी लागत होता. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (ही अशी मेंदूच्या लहरींची चाचणी) यांतलं काहीही संमतीशिवाय करता येणार नाही. घटनेचं कलम २०(३): आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. आणि संमतीनं केली तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा धरता येत नाही.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. पायपर १९६४ मध्ये गेला. त्याच्या तिसऱ्या फझी कादंबरीचं हस्तलिखित खूप वर्षांनी सापडलं आणि १९८४ मध्ये छापलं गेलं. त्यात फझींनाच साक्ष द्यायची वेळ येते. पण यंत्र फझींवर चालतं, हे आधी सिद्ध करायला हवं. त्यासाठी एखाद्या फझीनं खुर्चीत बसून खोटं बोलायला हवं, म्हणजे गोळा लाल झालेला दिसेल. आणि फझी खोटं बोलतच नाहीत! "नसलेली गोष्ट सांगायची" हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. झाली पंचाईत. त्यांचं खरं कोर्टात ग्राह्य ठरावं म्हणून माणसांना त्यांना खोटं बोलायला शिकवायला बसावं लागतं.

वाचायचं असेल तर सुरुवात 'लिटल फझी'पासूनच करा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजीत फुकट आहे, आणि फार जाडही नाही. वाचून झालं की कमेंटमध्ये सांगा, तुम्ही त्या खुर्चीत बसायला तयार व्हाल का.