मिसळीचं कूपन आणि आहेराची वही

(कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पोरं मला बोलवायला आली तेव्हा विषय सांगून गेली: एखाद्यावर मोठं आजारपण आलं तर गल्लीनं कार्यक्रम करून पैसे कसे उभे करायचे. मी म्हटलं, अरे, मी काही समाजसेविका नव्हे, सहकारी बँकेत बत्तीस वर्षं कॅशवर बसलेली बाई. तर म्हणाले, काकू, म्हणूनच तर.

तेव्हा आधी आमचा फसलेला कार्यक्रम सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका बाईंना कॅन्सर झाला. मंडळानं ऑर्केस्ट्रा ठेवला. तिकीट लावलं, मांडव घातला, साउंड आणला, फ्लेक्स केला. फ्लेक्सवर बारा चेहरे होते. त्यात आजारी कोण, हे शोधावं लागत होतं, आणि एकदा सापडलं की नजर हटत नव्हती, कारण बाकीचे अकरा हसत होते. कार्यक्रमात तासभर सत्कार चालले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. दहाला स्पीकर बंद करावा लागतो हे गणपतीमुळे आपल्याला पाठ असतं, पण त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. निम्मी गाणी राहिली. शेवटी त्या बाईंच्या यजमानांना स्टेजवर बोलावून दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात दिला आणि फोटो काढले. साउंडवाल्याचं, मांडववाल्याचं आणि कलाकारांचं भागवल्यावर त्या चेकवरच्या आकड्याच्या निम्मेसुद्धा पैसे त्या घरात गेले नाहीत.

बाई पुढं वारल्या. त्यांची मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. खातं उघडायला बँकेत आली तेव्हा मीच काउंटरवर होते. मी सहज म्हटलं, तुझ्या आईसाठी आपण ऑर्केस्ट्रा केला होता, आठवतंय का? ती म्हणाली, "आठवतंय ना काकू. वर्गातली पोरं मला वर्षभर 'चेकवाली' म्हणत होती."

पुढचं जे सांगणार आहे, ते सगळं त्या एका शब्दापासून सुरू झालं.

आपल्याकडं पैसे देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक आहेर. लग्नात मांडवाच्या दाराशी वही घेऊन एक मामा बसलेला असतो. अमक्याकडून पाचशे एक, तमक्याकडून भांडं. ती वही घरात वीस-वीस वर्षं जपतात, आणि त्यांच्याकडं कार्य निघालं की आधी वही काढतात. आहेर घेताना कुणाची मान खाली जात नाही, कारण तो फिरून जाणार हे दोघांनाही ठाऊक असतं. दुसरी पद्धत मदतपेटीची. तिच्यात टाकलेलं परत जात नाही. देणारा देऊन मोकळा होतो आणि घेणारा जन्मभर मोकळा होत नाही. दुकानात गेला तर वाटतं, यानं दिले असतील. पोराला नवी चप्पल घेतली तर वाटतं, लोक बघत असतील.

माझ्या डोक्यात आलं की या दोहोंच्या मध्ये काहीतरी पाहिजे. ते म्हणजे कूपन. शंभर रुपये द्या, मिसळ खा. तुम्ही मिसळ विकत घेतली, बात संपली. मिसळ बाहेर याहून स्वस्त मिळत असेल, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई किडनी द्यायला तयार. आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं ही अवयव देण्याच्या कायद्यात जवळची नाती धरली जातात, त्यामुळे परवानगीची वाट परक्या दात्यापेक्षा सोपी असते. प्रत्यारोपण पुण्यात ठरलं. आणि लगेच पोरांचं सुरू झालं, काकू, कार्यक्रम लावूया, दहा लाख जमवूया!

मी म्हटलं, थांबा. आधी कागद.

पोरांनो, हे नीट ऐका, कारण इथंच सगळे उतावळे होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांसाठी. त्या रुग्णालयात योजनेचे आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना भेटायचं. दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. २००६ साली उच्च न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेनुसार तिथं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड असे कागद लागतात. तिसरा, मुख्यमंत्री सहायता निधी. हे तिन्ही दरवाजे वाजवायच्या आधी मिसळीची मटकी भिजवू नये. माणसं दारोदार फिरून लाखभर जमवतात आणि मग कळतं की तो खर्च योजनेतच बसत होता.

आम्हाला कागद जुळवायला पाच आठवडे लागले. त्यातला दीड आठवडा आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव एक करण्यात गेला. असो.

कागद झाल्यावर मी त्याच्या बायकोला घेऊन बसले आणि वही घातली. शस्त्रक्रिया योजनेतून. मग कशाचे पैसे कुणीच देणार नाही? पुण्यात रुग्णालयाजवळ खोली, तीन महिने, कारण प्रत्यारोपणानंतर वारंवार रक्त तपासायला जावं लागतं आणि कोल्हापुरातून पहाटेच्या एस्टीनं रोज जाता येत नाही. आईचा आणि बायकोचा तिथला जेवणखर्च. आणि रिक्षाचा हप्ता! रिक्षा दारात उभी, चालवणारा खाटेवर, पण फायनान्सवाल्याची तारीख चुकत नाही. सहा हप्ते धरले. एकूण ७५ हजार. पोरं हिरमुसली, एवढेच? पण दहा लाख म्हटलं की माणूस म्हणतो, माझ्या शंभरानं काय होणार. ७५ हजार म्हटलं की तो मनात भाग देऊन बघतो.

परवानगीचं थोडक्यात सांगते. वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१ क ची वाट गणपतीमुळं मंडळांना माहीत आहे, तिथंच चौकशी करायची. आणि पैसे थेट आजारी माणसाच्या खात्यावर घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला ५० हजारांवर रक्कम आली तर आयकराच्या हिशेबात ती त्याचं उत्पन्न धरली जाते. संस्थेच्या खात्यावर घेतली तर गोष्ट वेगळी होऊ शकते. कार्यक्रमाच्या आधी सीएला विचारा, नंतर नको. आम्ही मंडळाच्या खात्यावर घेतले, स्वतंत्र खतावणी ठेवली, आणि खोलीमालक व फायनान्स कंपनी यांना थेट चेक दिले. क्यूआर कोड एकच, मंडळाचा, छापील. व्हॉट्सअॅपवर फिरणारा कोड कुठं बदलेल ते सांगता येत नाही.

आता मिसळ.

कूपनांची चाळीस पुस्तकं छापली, प्रत्येकात पंचवीस. एक हजार कूपनं, दोन्ही बाजूंना नंबर. प्रत्येक पुस्तक कुणाच्या नावावर दिलं याची सही घेतली. स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात आपल्याकडं राहणाऱ्या भागावर, फक्त नंबर, घेणाऱ्याचं नाव नाही. यावर वाद झाला. पोरं म्हणाली, नाव लिहिलं तर लोक जास्त देतात. देतात, हे मलाही माहीत आहे. पण नाव लिहिलं की ती आहेराची वही झाली, आणि या पोराला उद्या नऊशे घरांचं फेडायचं झालं.

फ्लेक्स नाही. फोटो नाही. कूपनवर लिहिलं होतं, 'रविवारची मिसळ, शेजाऱ्याच्या उपचारासाठी'. कोण शेजारी, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतंच. ते छापलं नाही, एवढंच.

सातशे ताटांचा अंदाज धरला, कारण कूपन घेणारे सगळेच येत नाहीत. ताटाला चाळीस ग्रॅम कोरडी मटकी, म्हणजे अठ्ठावीस किलो. ती एका व्यापाऱ्यानं दिली आणि नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. शुक्रवारी सकाळी भिजवली, रात्री उपसून फडक्यात बांधली, शनिवारी रात्री मोड आले. उन्हाळ्यात लवकर येतात, थंडीत फडकं चुलीजवळ ठेवावं लागतं. कट बचत गटाच्या बायकांनी केला, सुकं खोबरं भाजून, कांदा-लसूण चटणी घालून. आमच्याकडं मिसळीबरोबर स्लाइसचा ब्रेड असतो, पाव नाही, त्यामुळं वाढायलाही सोपं.

सकाळी आठला सुरू केलं. एक आजी आल्या, शंभर रुपयांची चिल्लर मोजून दिली, खाल्लं, आणि जाताना म्हणाल्या, "कट पातळ झालाय बाई." मला इतकं बरं वाटलं! मदत करायला आलेला माणूस असं बोलत नाही. त्या मिसळ खायला आल्या होत्या.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला मात्र मिसळीतलं काहीच चालत नव्हतं. डायलिसिसवरच्या माणसाला पाणीसुद्धा मापानं. मीठ कमी, आणि बटाटा, टोमॅटो, खोबरं, मटकी यांत पोटॅशियम. तो घरात बसून होता. खिडकीतून वास जात असणार. बायकोनं नंतर सांगितलं, त्यानं खिडकी लावू दिली नाही.

दुपारी गल्ला मोजला. दोघांनी मोजायचं, तिसऱ्यानं लिहायचं, आणि मोजताना चहा घ्यायचा नाही, ही माझी बँकेतली सवय. कूपनं विकली गेली ९००, म्हणजे ९० हजार. काहींनी पाचशेची नोट देऊन सुट्टे घेतले नाहीत, ते वेगळे लिहिले, ६,३५० रुपये. खर्च, फरसाण, ब्रेड, कांदा, तेल, सिलिंडर, छपाई मिळून २२,४८०. उरले ७३,८७०. ठरवलेल्यापेक्षा १,१३० कमी.

या ९० हजारांतले तीन पुस्तकांचे पैसे मात्र हातात एकोणीस दिवसांनी आले. खाल्ले नव्हते कुणी, खिशात राहिले होते. पण खिशात राहिलेल्या पैशांनीच मंडळाची बदनामी होते, म्हणून ते येईपर्यंत तालमीच्या फळ्यावर पुस्तकांचे नंबर लिहून ठेवले होते. नावं नाही, नंबर. ज्याचं त्याला कळत होतं.

सगळा हिशेब त्याच फळ्यावर लिहिला. विकली ९००, वाढलेली ताटं ६४०, खर्च, शिल्लक, तूट. एकानं विचारलं, काकू, अकराशे तीस तुम्हीच घातले असते तर आकडा गोल झाला असता. मी म्हटलं, माझ्या बत्तीस वर्षांत गल्ला गोल आला की मी तो पुन्हा मोजायचे.

प्रत्यारोपण झालं. आई आता शेजारणींशी भांडते, म्हणजे बरी आहे. तो पहिले काही महिने मास्क लावून घरातच होता, कारण नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून देतात ती औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, आणि ती जन्मभर घ्यायची असतात. गर्दीत जायचं नाही, सत्काराला तर नाहीच. पोरांनी सत्काराचं काढलं होतं. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

गेल्या महिन्यात तो घरी आला. रिक्षा पुन्हा चालवतोय. म्हणाला, "काकू, स्थळप्रती द्या. कुणाचं किती, लिहून ठेवतो." मी म्हटलं, त्यावर नाव नाहीच. "मग फेडायचं कुणाला?" मी म्हटलं, कुणाला काय फेडायचं? त्यांनी शंभर दिले, मिसळ खाल्ली, कट पातळ होता म्हणून भांडून गेले. मिटलं.

तो काही बोलला नाही. चहा प्यायला, तोही अर्धाच. जाताना दारात चपला घालत म्हणाला,

"काकू, फळा मीबी वाचलाय. नऊशे विकली, सहाशे चाळीस वाढली. दोनशे साठ जणांनी पैसे दिले आणि खाल्लं न्हाई. तेवढं तरी माझ्याकडं निघतंय की न्हाई?"

मला उत्तर सुचलं नाही. वजाबाकी बरोबर होती.

तर मंडळी, मटकी त्यानं काल सकाळी भिजवलीय, अकरा किलो. आत्ता येताना मी फडकं उघडून बघितलं, मोड छान आलेत. उद्या सकाळी आठला, खाली तालमीसमोर. कूपन नाही. दोनशे साठ ताटं झाली की बंद.