जिन्यात घेतलेला फोन

(जळगाव. बँकेची शाखा, सकाळची गर्दी.)

आईचा फोन वाजला की मॅडम उठायच्या. केबिनबाहेर, जिन्यात, तोंडावर हात धरून बोलायच्या. पलीकडून अहिराणीत प्रश्न रोजचाच, "कशी शे तू? काय करी ऱ्हायनी?"

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी त्यांचं माहेर. सुट्टीत कापूस वेचून शिकलेली, गावातून बँक मॅनेजर झालेली ही पहिलीच लेक. गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तो फोटो घरात लावलाय. हसऱ्या दिसतात त्यात.

पुण्यात कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडून "आहे"ऐवजी "शे" निघालं आणि वर्ग हसला. त्या रात्री वसतिगृहाच्या आरशासमोर त्यांनी घोकलं. आहे. आहे. आहे. पुढे वीस वर्षं मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी त्या प्रत्येक वाक्य मनात तपासून घेत राहिल्या. "प्रमोशनचे पेढे वाटतानासुद्धा धाकधूकच. आज काही निसटलं तर?"

(विद्यापीठाची कमान.)

इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. त्यांच्या तोंडच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या. १९५१ साली त्या गेल्या, कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली. त्यांची लेवा गणबोली, मॅडमच्या माहेरची अहिराणी, दोन्ही खानदेशच्याच. त्याच मुलखातल्या शिकल्यासवरल्या बाईला आईशी बोलायला जिना गाठावा लागतो, हे आमच्या जिवाला लागलं.

मग एक दिवस पीककर्जासाठी आलेली म्हातारी काउंटरवर अडखळली. क्लार्क म्हणाला, "आजी, नीट मराठीत सांगा."

मॅडम बाहेर आल्या. खुर्ची पुढे सरकवली. "बठ माय. काय काम शे?"

म्हातारीने खुर्चीकडे पाहिलं, मग यांच्या तोंडाकडे. पदराची गाठ सोडून घडी पडलेलं पासबुक काढलं आणि बोलतच सुटली. सगळा हॉल ऐकत होता. "माझी कानशिलं तापली होती," मॅडम सांगतात, "पण मी तिथेच बसले."

आता आईचा फोन त्या केबिनमध्येच घेतात. हात अजूनही कधीमधी तोंडाकडे जातो.

कॅमेरा सुरू झाला तेव्हा त्यांनी आम्हालाच विचारलं, "कशात बोलू?" आम्ही म्हटलं, तुमच्या बोलीत. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. चष्मा काढून पुसला.

"मनं गाव बोरीना काठवर शे..."