कोठाराची किल्ली आणि विठूचा भरवसा

पहाटेचे पाच वाजले आहेत. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील या मराठी गावात ज्ञानेश्वरी पारायण सप्ताहाचा आज सहावा दिवस आहे. काकड्यासाठी मंडळी विठ्ठल मंदिरात जमत असताना रात्रीचा वीणेकरी आपली वीणा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. सप्ताह बसल्यापासून ही वीणा जमिनीला टेकलेली नाही.

आता ज्यांच्याकडे वीणा आली, त्या आजोबांच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात शेताचे कन्नडमधील उतारे आहेत आणि ते मराठीतूनही मिळावेत म्हणून दिलेल्या अर्जांच्या, पोचेचा शिक्का असलेल्या प्रती आहेत. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ मध्ये आलेला अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. या साऱ्या काळात दोन्हीकडची सरकारे आली आणि गेली, आश्वासने देणारे बदलले, पेटीतील कागद मात्र वाढत राहिले.

आजोबांना आम्ही विचारले, की मग आशा कोणावर ठेवायची? त्यांनी थेट उत्तर न देता दामाजीपंतांची कथा सांगितली.

दामाजीपंत मंगळवेढ्याचे, बिदरच्या बादशहाचे कारभारी. म्हणजे ते स्वतःच सरकार होते, हे कथा ऐकताना आपण सहसा विसरतो. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली आणि सरकारी कोठारे मात्र धान्याने भरलेली होती. किल्ली पंतांच्या हाती होती, हुकूम मात्र नव्हता. त्यांनी कोठारे उघडली, धान्य लोकांना लुटू दिले आणि शिक्षा भोगण्यासाठी ते बिदरच्या वाटेला लागले. ते पोहोचण्याआधीच विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली आणि पावती घेतली, अशी ही कथा आहे. कीर्तनात हा प्रसंग येतो तेव्हा मंडपातील बायाबापड्या आजही पदराने डोळे पुसतात.

पंतांनी देवावर भरवसा ठेवला म्हणून ते घरी बसले नाहीत. उलट त्या भरवशामुळेच बादशहाचे भय त्यांच्या मनातून गेले. देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळणे, असे मानणाऱ्यांशी आम्ही म्हणूनच सहमत नाही. मत द्यावे, मोर्चात चालावे, न्यायालयाची पायरी चढावी, कारण रस्ता, शाळा, रेशन आणि उतारा हे सरकारनेच द्यायचे असते आणि ते मागणे हा आपला हक्क आहे. परंतु मरणाच्या दारात धीर देणे, अपमानाने करपलेल्या मनातून द्वेष काढून टाकणे हे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले काम नाही, मग ते मुंबईचे असो वा बेंगळुरूचे. ज्याची स्वतःची मुदत पाच वर्षांची, त्याच्या खांद्यावर जन्माची आशा कशी ठेवावी?

आणि ज्याच्यावर ती ठेवायची, त्या विठ्ठलाला तर ज्ञानेश्वर माउलींनी ‘कानडा’ म्हटले आहे. आषाढीला पंढरपुरात कन्नड बोलणारे भाविक मराठी भाविकांच्याच रांगेत उभे असतात आणि त्याच विटेवरच्या पायांवर डोके ठेवतात. सीमेच्या प्रश्नाने शेजाऱ्यांच्या मनात पाडलेले अंतर त्या गाभाऱ्यापाशी क्षणभर तरी मिटते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

काकडा संपला, उजाडले. आजोबांचा पहारा आठ वाजेपर्यंत आहे; एका हाताने वीणेची तार छेडत, डोळे मिटून ते नाम घेत आहेत. परवा काला होईल आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना तालुक्याच्या कचेरीत जायचे आहे. नवा अर्ज लिहून तयार आहे, मराठीत.