एका ओळीत मावलेले खेळाडू

[पडद्यावर: पिवळं पडलेलं स्कोअरबुकचं पान, पेन्सिलीच्या बारीक खुणा]

२९ सप्टेंबर १९६३. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर. बेसबॉल हंगामाचा शेवटचा दिवस, समोर न्यूयॉर्क मेट्स. ह्यूस्टनच्या संघाचं नाव तेव्हा कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज होतं, ॲस्ट्रोज हे नाव नंतरचं. संघ गुणतक्त्यात शेवटून दुसरा होता, गमवायला काही उरलं नव्हतं. त्यामुळे पोरांना आजमावणं चाललं होतं. दोनच दिवस आधी ह्यूस्टनने सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू नवखे उतरवले होते.

त्या रविवारी राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभा होता अठरा वर्षांचा जॉन पचोरेक. पाच वेळा बॅटिंगला आला. तीन वेळा हिट मारून पहिला बेस गाठला, दोन वेळा पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे चालत गेला. स्वतः चार धावा केल्या, तीन धावा त्याच्या फटक्यांवर आल्या. ह्यूस्टन १३–४ ने जिंकलं.

चालत मिळालेला बेस, म्हणजे वॉक, बेसबॉलमध्ये सरासरीत धरत नाहीत. म्हणून पाचपैकी तीनच वेळा हिशेबात आल्या, आणि तिन्ही वेळा हिट. सरासरी १.०००. ज्या खेळात दहा वेळांत तीन हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो, तिथे हा आकडा! शंभर टक्के सरासरी असलेले आणखीही काही खेळाडू आहेत, पण तीन हिट कुणाच्याच नावावर नाहीत.

तो त्याचा पहिला सामना होता. आणि शेवटचा.

पाठ आधीपासूनच दुखत होती. पुढच्या वर्षी मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, मणके एकमेकांना जोडून टाकले. बेसबॉलचा फटका हातांनी मारला जातो असं दिसतं, पण ताकद येते कमरेतून. आधी कंबर फिरते, मग धड, मग खांदे, आणि सगळ्यांत शेवटी बॅट. कमरेचे मणकेच एकमेकांना जखडले की ही साखळी मध्येच तुटते. पचोरेक १९६९ पर्यंत खालच्या लीगमध्ये झगडला, वर परतला नाही. त्याचा धाकटा भाऊ टॉम मात्र मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, अठरा हंगाम खेळला.

[पडद्यावर: रिकामं माउंड, म्हणजे पिचर चेंडू टाकतो तो उंचवटा]

बेब रूथसारखा मोठा तारा सगळ्यांनाच ठाऊक असतो. जुन्या चाहत्यांची बैठक रंगते ती पचोरेकसारख्या नावांवर. तिथे हमखास निघणारं आणखी एक नाव म्हणजे लॅरी याउंट.

१५ सप्टेंबर १९७१, पुन्हा ह्यूस्टन, नववी इनिंग. एकवीस वर्षांच्या पिचर याउंटला बोलावणं आलं. आठवडाभर लष्कराच्या राखीव दलात हजेरी लावून तो नुकताच परतला होता. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, हात गरम करतानाच कोपर दुखायला लागलं. माउंडवर गेल्यावर सुटेल, असं त्याला वाटलं. सरावाचे चेंडू टाकून पाहिले, दुखणं वाढलंच. तो खेळ सुरू होण्याआधीच माघारी आला.

पण नाव पुकारलं गेलं होतं. नियम असा की पुकारलेल्या पिचरने निदान एका बॅटरला चेंडू टाकलेच पाहिजेत. दुखापत झाली तरच सुटका, आणि तरीही तो सामना त्याच्या खात्यात धरला जातो. म्हणून नोंदवहीत लॅरी याउंटच्या नावापुढे आहे: सामने एक, बॅटर शून्य, चेंडू शून्य. त्यालाही पुन्हा संधी मिळाली नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन ३,१४२ हिट मारून हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान दालनात गेला.

[पडद्यावर: पेन्सिलीने चौकोनात लिहिलेला ८ चा आकडा]

स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे, म्हणजे लांबच्या मैदानाचे, ७, ८, ९. चौकोनात ६-४-३ दिसलं, की चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, दोघे बाद. नुसता ८ म्हणजे सेंटर फील्डरने झेल घेतला. कसा घेतला, ते लिहायला चौकोनात जागा नसते. पीट ग्रेची गोष्ट त्या नसलेल्या जागेतली आहे.

ग्रे पेनसिल्व्हेनियातल्या नँटिकोक या कोळसा खाणींच्या गावचा. सहा वर्षांचा असताना गाडीच्या चाकाच्या आऱ्यांत उजवा हात अडकला आणि कोपराच्या वर कापावा लागला. तो मुळात उजखोरा. डाव्या हाताने सगळं नव्याने शिकला.

१९४४ मध्ये मेम्फिसच्या संघाकडून खालच्या लीगमध्ये त्याची सरासरी .३३३ होती, आणि ६८ बेस त्याने चोरले, म्हणजे फटका न लागताच पळून पुढचा बेस गाठला. महायुद्ध चालू होतं, नेहमीचे कितीतरी खेळाडू सैन्यात होते. १९४५ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सने त्याला मेजर लीगमध्ये आणलं.

त्याचा झेल सावकाश पाहायला हवा. ग्लव्हमधलं भरण बरंचसं काढलेलं, करंगळी बाहेर. चेंडू ग्लव्हमध्ये आला की ग्लव्ह उजव्या खांद्याखाली, उरलेल्या हाताच्या बगलेत दाबायचा. त्याच झटक्यात पंजा बाहेर ओढायचा. चेंडू छातीवरून घरंगळत येतो, तो मोकळ्या पंजात धरायचा आणि फेकायचा. हे सगळं एका लयीत. चेंडू हवेत असेल तर निभायचं. जमिनीवरून आलेला चेंडू मात्र आधी पुढ्यात पाडायचा, ग्लव्ह टाकायचा, मग उचलून फेकायचा. बेसवरचे धावपटू तेवढ्या क्षणाची वाटच पाहत, आणि एक बेस जास्तीचा घेत. ब्राउन्स आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, खेळलेला संघ. अशा एकेका बेसवर काही सहकारी नाराज व्हायचे, आणि संघाच्या बाजूने पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

बॅटिंगमध्ये वेगवान चेंडू तो खेळायचा. अडचण झाली संथ आणि वळणाऱ्या चेंडूंची. दोन हातांचा बॅटर फटका सुरू केल्यावर चेंडू उशिरा येतोय हे ओळखून बॅट रोखू शकतो, दुसरा हात ब्रेकचं काम करतो. ग्रेला तो ब्रेकच नव्हता, सुरू झालेला फटका पुरा करावाच लागे. पिचरांना हे काही आठवड्यांत कळलं. तरी २३४ वेळांत तो फक्त ११ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला, हे त्याच्या नजरेचं मोजमाप आहे. बंट करताना, म्हणजे चेंडू हलकेच पुढ्यात पाडताना, बॅटची मूठ कुशीत टेकवून हात दांड्यावर वर सरकवायचा. ७७ सामने, ५१ हिट, सरासरी .२१८. युद्ध संपलं, खेळाडू परतले आणि ग्रे पुन्हा खालच्या लीगमध्ये गेला. .२१८ बघून पान उलटणारे उलटोत, त्या ५१ हिटांमधली एकही सोपी नव्हती.

मार्क फिड्रिचचं नाव १९७६ च्या उन्हाळ्यात घराघरात होतं. डेट्रॉइटचा हा पिचर गुडघ्यांवर बसून माउंडची माती हाताने सारखी करायचा, चेंडूशी बोलायचा. त्या वर्षी १९ विजय, ९ पराभव, आणि सुरू केलेल्या २९ सामन्यांपैकी २४ त्याने एकट्याने पूर्ण केले. पुढच्या मार्चमध्ये गुडघा दुखावला, परतल्यावर काही आठवड्यांत खांदा गेला. उरलेल्या चार हंगामांत मिळून दहा विजय. खांद्यातला रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा, फाटलाय हे कळलं १९८५ मध्ये, खेळणं सुटल्यावर. खांद्याच्या आतलं दाखवणारं एमआरआय तेव्हा नव्हतं. मधली सगळी वर्षं तो फाटक्या खांद्याने चेंडू टाकत होता.

[पडद्यावर: खेळाडूंचे फोटो छापलेली जुनी बेसबॉल कार्डं]

आठवणी तपासायची सोय आहे. १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी रेट्रोशीट हा जुन्या सामन्यांच्या नोंदींचा संग्रह सुरू केला. क्लबांच्या आणि वार्ताहरांच्या जुन्या स्कोअरबुकांवरून एकेका खेळीची नोंद स्वयंसेवकांनी उतरवून काढली. वर्ष, प्रतिस्पर्धी आणि सामना दिवसाचा की रात्रीचा, एवढं आठवत असलं तरी सामना सापडतो. सापडला नाही तर बहुधा तो फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातला वसंत ऋतूतला सराव सामना असतो, त्यांची गणती अधिकृत आकड्यांत होत नाही. कार्डावरच्या फोटोवर तर विसंबूच नये. खेळाडू दुसऱ्या संघात गेला, की टॉप्स कंपनी जुन्याच फोटोतल्या टोपीवर नवा रंग चढवून कार्ड छापायची.

खेळाडूंच्या पेन्शनचा हिशेब दिवसांवर चालतो. सामना खेळलात की बाकावर बसलात, याला महत्त्व नाही, संघाच्या यादीत किती दिवस होतात ते मोजतात. १९८० मध्ये पात्रता चार वर्षांवरून ४३ दिवसांवर आली, पण आधी खेळलेल्यांना ती लागू झाली नाही. १९४७ ते १९७९ मधले, चार वर्षं न भरलेले शेकडो जण बाहेर राहिले. २०११ मध्ये त्यांच्यासाठी तोडगा निघाला: तेव्हाचा दर होता दर ४३ दिवसांमागे वर्षाला ६२५ डॉलर, कमाल १०,०००. ४३ दिवसही न भरलेल्यांना काहीच नाही. हा अन्याय आहे, आणि चाहते तो दरवेळी मोठ्याने बोलून दाखवतात.

[पडद्यावर: टेबलावर लिफाफा, कार्ड, मार्कर]

अशा खेळाडूंना चाहते अजूनही टपालाने कार्ड पाठवतात, सहीसाठी. चकचकीत कार्डावर शाई थेंब धरते आणि पुसली जाते, म्हणून आधी चिमूटभर टाल्कम पावडर मऊ फडक्याने फिरवून चकाकी उतरवायची. बॉलपेनने कार्डाला खळगे पडतात, बारीक टोकाचा मार्कर बरा. कार्ड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवायचं, एक किंवा दोनच. सोबत आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला परतीचा लिफाफा. पत्र अर्ध्या पानाचं, आणि त्यात एक विशिष्ट सामना तारखेसकट लिहायचा. पचोरेकसारख्या खेळाडूला लिहिताना तारीख शोधावी लागत नाही.